दोन बोटांचं अंतर

१

मी फोटो आधी पाहिला आणि घोडी नंतर पाहिली. सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथंच होतं, पण हे कळायला मला तीन दिवस लागले.

बुधवारी सकाळी दवाखान्यात पाय ठेवला, तर आमच्या ड्रेसर हरीओमने चहाच्या आधी मोबाइल पुढे केला. एका तांबड्या घोडीचा मागचा भाग दिसत होता. डाव्या पुठ्ठ्यावर पाच रेघा, उजव्यावर पाच. काळपट, सुजलेल्या, कडेने लालभडक. खाली लिहिलं होतं, ‘चाळीस किलोमीटर पळवलं, वर हे बक्षीस.’ दोन लाख लोकांनी ते पाहिलं होतं. कोणी म्हणत होतं, ह्या स्पर्धा बंद करा. कोणी म्हणत होतं, मालकाला असाच फोडा. आणि एकाने विचारलं होतं, तपासणारी डॉक्टर झोपली होती का?

झोपले नव्हते. झोपले असते तर बरं झालं असतं, निदान थकवा तरी गेला असता.

गेल्या रविवारी शिरपूर जैनहून रिठदला आणि परत अशी चाळीस किलोमीटरची घोडदौड झाली. मी गुरांची सरकारी डॉक्टर, निवृत्तीला आठ महिने राहिलेली. त्रेचाळीस घोडी तपासायला मी एकटी होते. ह्या दौडीत पहिलं येणं सोपं, घोडं धड परत आणणं कठीण. निघताना, रिठदला आणि शेवटी अशी तीनदा तपासणी होते. थांबल्यापासून वीस मिनिटांत छातीचे ठोके चौसष्टच्या खाली आले नाहीत, की घोडं बाद. लंगडलं, बाद. अंगावर मार दिसला, बाद. मी अकरा घोडी घरी पाठवली आणि अकरा मालकांच्या शिव्या खाल्ल्या.

बघ्यांच्याही खाल्ल्या. घोड्याला थांबवून ठेवलं की त्यांना छळ वाटतो. अंगावर पाण्याच्या बादल्या ओतल्या की छळ वाटतो. आणि धापा टाकणाऱ्या घोड्याच्या तोंडात कोणी गुळाचा खडा कोंबला, की टाळ्या वाजतात. पस्तीस वर्षं मी हे बघते आहे. समजावून सांगणं मी कधीच सोडून दिलं.

शेवटच्या तासाला तर डोकं चालेनासं झालं होतं. एक जण घोड्याबरोबर माझा फोटो काढायला आला. दुसऱ्याला शेळीच्या जंताचं औषध हवं होतं. एका म्हातारीला कसलंसं मलम विचारायचं होतं. कमिटीचे लोक भाषणाला चला म्हणून मागे लागले होते. मी कार्डांवर सह्या करत मान न उचलता सगळ्यांना काही ना काही सांगत होते.

फोटोतल्या घोडीचं नाव मैना. किन्हीराजाजवळच्या तांड्यावरच्या करणची घोडी. मी कपाटातून तिचं कार्ड काढलं. माझंच अक्षर होतं: ठोके अठ्ठावन्न, हिरड्या गुलाबी, कातडी स्वच्छ, मागचे पुठ्ठे किंचित आखडलेले. खाली माझी सही.

फोटो टाकणारा वाशिमचा उत्कर्ष. प्राण्यांसाठी धावपळ करणारा, पंचविशीतला, मनाने खरा. त्याने पोलिसांत तक्रार दिली होती. शुक्रवारी दुपारी अकोल्याच्या प्राण्यांच्या एका निवाऱ्याची गाडी येऊन मैनाला घेऊन जाणार होती, ती कायमचीच. करणवर गुन्हा दाखल होणार होता. दोन्ही गोष्टी माझ्या अहवालावर अडल्या होत्या. मारलं म्हटलं तर पोराचा संसार उठणार, नाही म्हटलं तर डॉक्टर विकली गेली म्हणणार. इकडे आड, तिकडे विहीर.

पण त्याआधी एक साधा हिशोब उरत होता. एक तर रविवारी दुपारी मी आंधळी होते, नाही तर रविवार दुपार ते मंगळवार सकाळ ह्या वेळात घोडीला कोणीतरी हात लावला होता.

२

तांड्यावर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. मैना कडुनिंबाखाली उभी होती आणि तिच्या पाठीवर बैलाची जुनी, आरसे लावलेली झूल टाकलेली होती.

“झूल कायले टाकली?” मी विचारलं.

“लोकं फोटो काढून राह्यले,” भाऊसिंग म्हणाला. करणचा बाप, पन्नाशीचा, उभ्या जन्मात आवाज चढवला नसेल असा माणूस. “येता-जाता मोबाइल काढतेत. म्हनून झाकली.”

मी झूल काढली, घडी करून उघड्या डाव्या हातावर टाकली आणि मैनाच्या मागे गेले. रेघा फोटोत होत्या तशाच होत्या. फोटोत पाहून आले होते, छडीचे वळ, आणि मला छडीचे वळच दिसले. जवळ बोट नेलं तशी ती अंग चोरून सरकली.

करण तिच्या तोंडाशी उभा होता. चोवीस वर्षांचा, बारीक, डोळे सुजलेले. त्याने हात वर केला तशी मला वाटलं, आता ही कान मागे टाकेल. तिने नाक त्याच्या काखेत खुपसलं.

“मी नाई मारलं तिले,” तो म्हणाला. “माह्यापाशी छडी नाईच. तुमीच पाह्यलं ना तपासनीत?”

“पाहिलं. रविवारी घरी आल्यावर काय केलं?”

“पानी पाजलं, बांधली. सोमवारी पाहाटे पिकप वापस द्याले अकोल्याले गेलतो. मामाकडं राह्यलो. मंगळवारी सकायी आलो तं हे उत्कर्षभाऊ इथं फोटो काढून राह्यलते.”

“आणि तू, भाऊसिंग?”

“मी वावरात, हरभऱ्याले पानी देत होतो. सोमवारी दिवसभर. आलो, जेवलो, निजलो. घोडीकडं काई पाह्यलं नाई. आमी जलमभर बैलं राखले बाई. घोडी हे पयलीच. ह्या पोराचाच नाद.”

दारात खाटेवर रामीबाई बसली होती, भाऊसिंगची आई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोर सावली हलली तर समजायचं एवढंच. उत्कर्ष मुळात हिच्यासाठीच आला होता. रविवारी शिरपूरला ही म्हातारी नातवाच्या घोडीच्या गळ्यात पडून रडली, ते कोणी तरी टिपलं होतं आणि लोकांना ते फार आवडलं होतं. म्हणून आजी आणि घोडी असा छानसा व्हिडिओ करायला तो मंगळवारी आला, आणि त्याला रेघा दिसल्या.

करण हळूच म्हणाला, “दादीले काई सांगू नका. फोटोचं तिले मालूम नाई. ते मरून जाईन.”

रामीबाईने माझा आवाज ओळखला. “डॉक्टरीनबाई आल्या का? मैना कशी आहे वो? दुखनं बाहेर आलं का तिचं?”

“येईल, येईल,” मी म्हटलं. म्हाताऱ्या माणसांशी आपण बोलतो तसंच, न ऐकता.

निघाले तेव्हा भाऊसिंग गाडीपर्यंत आला. मागे वळून पाहिलं, करण ऐकण्याच्या टप्प्यात नाही अशी खात्री केली.

“बाई, लिहा तुमाले जे लिहाचं ते. पन त्याले जेलात नका पाठवू. चवथा नंबर आला, त्याची लई आशा होती. रविवारी राती पोराचा हात सुटला असन.”

“तू पाहिलंस?”

“नाई पाह्यलं. पन दुसरं कोन असन? फोटोत तं दिसूनच राह्यलं.”

जन्मदात्या बापाने पोरापेक्षा फोटोवर विश्वास ठेवला होता. मला त्याचा राग यायला हवा होता, पण मीही त्याच रांगेत उभी होते.

“सोमवारी तांड्यावर बाहेरचं कोणी आलं होतं?” मी शेवटचं म्हणून विचारलं.

भाऊसिंग चपापला. “राजपाल आलता म्हनते माय. घोडी पाहाले.”

३

राजपाल घोड्यांचा दलाल. गुरुवारी सकाळी तो शिरपूरच्या बसस्टँडसमोर टपरीवर सापडला. मैनावर त्याचा वर्षभरापासून डोळा होता. घोडी बदनाम झाली की तिची किंमत पडते, आणि पडलेल्या किमतीत ती कोण उचलणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

“सोमवारी गेला होतास?”

“गेलतो दुपारी,” तो बशीत चहा ओतत म्हणाला. “म्हातारी एकलीच होती. घोडी पाह्यली, निंगालो.”

“अंगावर वळ होते?”

“नाई. साफ होती. पुठ्ठ्यावर निसती तेलकट चमक होती, म्हटलं पोरानं मालिश केली असन.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “बाई, तुमचा माह्यावर शक आहे ते समजते मले. पन मले ते घोडी लग्नाच्या वरातीले लावाची आहे. डाग पडलेली घोडी नवरदेवाखाली कोन लावते? मी माराले कायले जाऊ?”

दलालाचा शब्द म्हणजे पाण्यावरची रेघ. पण तर्क मात्र पक्का होता. आणि तो खरं बोलत असेल तर गोष्ट आणखी अवघड होत होती. करण पहाटेच गेलेला, बाप वावरात, आणि सोमवारी दुपारी कातडी साफ.

उत्कर्षला मी तिथेच बोलावलं होतं. तो आला तोच ताठ मानेने.

“मॅडम, एक विचारू? तुम्ही घोड्यांच्या बाजूने आहात की मालकांच्या?”

“आता फक्त ह्या खुर्चीच्या बाजूने आहे, पाय दुखतायत. तूही बस. तो फोटो मोठा करून दाखव.”

त्याने दाखवला. मी चष्मा पुसला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा खाली लिहिलेलं न वाचता नुसत्या रेघा पाहिल्या.

“मंगळवारी सकाळी ह्या कशा होत्या? कोरड्या की ओल्या?”

“ओल्या. बारीक बारीक फोड होते, पाणी सुटत होतं. बघवत नव्हतं.”

“छडीचा वळ पाच मिनिटांत उठतो, उत्कर्ष. दीड दिवसाने फोड धरत नाही.”

“मग रक्त साकळलं असेल. तुम्ही वाचवायला बघताय त्याला.”

“असेलही. पण मोज बरं. डावीकडे किती?”

“पाच.”

“उजवीकडे?”

“पाच.” तो पुन्हा मोजायला लागला.

“रागावलेला माणूस मोजून मारत नाही. उजव्या हाताने मारणारा दोन्हीकडे सारखं मारत नाही. आणि दोन रेघांमधलं अंतर बघ. सगळीकडे एकच. पट्टी लावून वही आखावी तसं.”

त्याच्या चेहऱ्यावरचा ताठा थोडा उतरला. पण तो म्हणाला, “मग काय आहे ते? आपोआप आलं?”

मी कपाळाला हात लावायला डावा हात उचलला आणि तो तसाच राहिला. सकाळपासून हात खाजत होता. मला वाटलं होतं घामोळं असेल, ह्या वयात काय काय निघतं. बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत, काल जिथे ती झूल टाकली होती नेमकं तिथेच, लाल पट्ट्यात बारीक फोड उठले होते.

घोडीला कोणी मारलं असेल तर असेल. मला तर कोणीच मारलं नव्हतं.

४

शुक्रवारी मी गाडीच्या आधी तांड्यावर पोचले. रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, खाजेने आणि विचाराने. खरं तर विचार असा फार नव्हता. हाताकडे पाहिल्याबरोबर मला कळलं होतं काय आहे ते. ह्या भागात राहून बिब्बा अंगावर उतलेला ओळखू आला नाही, तर पस्तीस वर्षं पाण्यात गेली म्हणायची. आमच्याकडे घरोघरी बायका बिब्बे फोडून गोडंबी काढतात, त्यांचे हात बघावेत. बिब्ब्याचं तेल लागलं की लगेच काही होत नाही, एक-दोन दिवसांनी कातडी फोड धरते. घोडीच्या पुठ्ठ्यावरचं तेल झुलीला लागलं होतं, झुलीचं मला.

बिब्बा मला कळला होता, पण कोणी आणि का, ते राहिलं होतं.

रस्त्याने येताना त्याचंही उत्तर मिळालं. त्या रेघा नेमक्या कुठे होत्या? पाठीवर नाही, मांडीवर नाही. मी कार्डावर ‘आखडलेले’ लिहिलं होतं, त्याच स्नायूवर होत्या. मारणारा जागा निवडत नाही. औषध लावणारा निवडतो.

अंगणात करण मैनाला शेवटचा खरारा करत होता, रेघा सांभाळून. भाऊसिंग भिंतीशी बसला होता. बापलेकांमध्ये दहा पावलांचं अंतर होतं आणि दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हते. निवाऱ्याची गाडी येऊन थांबली आणि उत्कर्ष उतरला.

मी सरळ गोठ्यात गेले. भिंतीतल्या कोनाड्यात तेलाची चिमणी होती. तिच्यामागे जाडसर सुई, गोणी शिवायची, आणि सुईत टोचलेला एक अर्धा जळालेला बिब्बा. बिब्बा असा टोचून ज्योतीवर धरायचा, तेल सुटलं की रेघ ओढायची. पेरणीनंतर बैलांचे खांदे सुजतात तेव्हा आमच्याकडे हेच करतात. बैलाची कातडी जाड, त्याला काही होत नाही. घोड्याची कातडी पातळ. पण ज्यांनी जन्मभर बैलंच राखली, त्यांना हे कोण सांगणार?

मी सुई घेऊन बाहेर आले आणि खाटेजवळ बसले.

“रामीबाई, मैनाला बिब्बा कधी लावला?”

“रविवारी दिवे लागाच्या वक्ताले,” ती लगेच म्हणाली. लपवायचं काही आहे हेच तिला माहीत नव्हतं. “पोरगं निजलं होतं थकून. त्याले कायले उठवू? पाच-पाच रेघा ओढल्या दोन्हीकडं.”

“दिसत नाही, मग रेघा सरळ कशा आल्या?”

ती हसली. डाव्या हाताची दोन बोटं तिने माझ्या गुडघ्यावर ठेवली, त्यांच्या कडेने उजव्या हाताने रेघ ओढली, मग बोटं पुढे सरकवली. “दोन बोटं सोडाचे, एक ओढाची. बैलाले असंच करतेत. वर झूल टाकली, ऊब राह्यली पाह्यजे ना. मंगळवारी सकायी काढली.”

माझ्या मागे खराऱ्याचा आवाज थांबला होता. राजपालने घोडी पाहिली ती झूल उचलून, आणि तेलकट चमक पाहिली ती बिब्ब्याची. सगळं जागच्या जागी बसत होतं. मी आता उठून अहवाल लिहायला घेणार, तेवढ्यात उत्कर्षने विचारलं. आवाज मऊ होता, पण प्रश्न त्याने सोडला नाही.

“आजी, पण हे घोड्याला लावायचं तुम्हाला कोणी सांगितलं?”

रामीबाईने चेहरा माझ्याकडे वळवला. “बाप्पा, ह्याच बाईनं सांगतलं ना. मी शिरपुरात इचारलं, पुठ्ठे आखडले म्हनता तं काय लावू? बाई म्हने, बैलाले लावता तेच लावा.”

५

आठवलं. कार्डांचा गठ्ठा, मागे भाषणाचा भोंगा, शेळीच्या जंताचं औषध, आणि कसलंसं मलम विचारणारी म्हातारी. बैलाला लावता तेच लावा. माझ्या मनात गोडं तेल होतं, मालिशचं. पण मी तसं म्हणाले नाही. मान वर करून कोण विचारतंय तेही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर डोळे दिसले असते, आणि मग एखादा शब्द जास्त बोलले असते.

तीन दिवस मी गुन्हेगार शोधत हिंडले. पोरावर संशय घेतला, बापाला पारखलं, दलालाला चहाच्या टपरीवर दमात घेतलं. ज्याला विचारायला हवं होतं तो माणूस माझ्याच चपला घालून फिरत होता.

रामीबाई आता चुळबुळायला लागली. सगळे गप्प आहेत हे तिला ऐकू येत होतं. “काय झालं वो? मैनाले काई झालं का? माह्या हातानं काई इपरीत झालं का?”

“तुमच्या हाताने नाही,” मी म्हटलं. “माझ्या तोंडाने झालं. ती बरी होईल. पंधरा दिवसांत फोड वाळतील.”

भाऊसिंग भिंतीपासून उठला. दहा पावलं चालायला त्याला बराच वेळ लागला. करणने खरारा खाली ठेवला.

“बा, तुमालेबी वाटलं मी मारलं म्हनून?”

भाऊसिंगने खाली वाकून खरारा उचलला आणि जिथे पोराने सोडलं होतं तिथून घोडीच्या अंगावरून फिरवायला लागला. करणने बापाचा हात धरून रेघांपासून बाजूला नेला, इथं नको, इथं तिले दुखते, असं म्हणत.

मी बॉनेटवर कागद ठेवून अहवाल लिहिला. मारहाणीचा पुरावा नाही. त्वचेवर बिब्ब्याच्या तेलाने फोड. उपचार डॉक्टरच्या अपुऱ्या सल्ल्यावरून. सल्ला देणारी, निम्नस्वाक्षरीकार. खाली सही.

उत्कर्षने वाचला. “आजींचं नाव नाही ह्यात.”

“तिने डॉक्टरचं ऐकलं. त्यात नाव घालण्यासारखं काय आहे?”

“मॅडम, मी हे टाकलं तर लोक तुमच्या मागे लागतील. मला माहीत आहे कसे लागतात ते.” तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहत होता. “आणि मी नाही टाकलं तर करणच्या मागचे जाणार नाहीत.”

“मग टाक की.”

त्याने टाकला. गाडी रिकामी परत गेली. संध्याकाळपर्यंत पहिला फोटो तीन लाखांवर गेला होता आणि माझा अहवाल एकशे बारा लोकांनी पाहिला होता. त्यातल्या बहुतेकांनी डॉक्टरला निलंबित करा असं लिहिलं होतं. हरीओमने मोबाइल दाखवला तेव्हा मी म्हटलं, आठ महिन्यांचंच काम आहे, सरकारने केलं काय आणि वयाने केलं काय. पण वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

त्याआधी, तांड्यावरून निघताना मी सवयीने हात खाजवत होते. रामीबाईने तो आवाज ऐकला. तिने माझं मनगट धरलं, फोडांवरून बोट फिरवलं आणि चुकचुकली. दिसत नसलं तरी बिब्बा तिला बोटाला कळतो. नातवाला हाक मारून तिने ओलं खोबरं आणि तीळ मागवले, पाट्यावर वाटले आणि माझा हात मांडीवर घेऊन लेप लावायला बसली, कोपरापासून खाली, घाई न करता. कित्येक दिवसांत मला असं कोणी बसवून ठेवलं नव्हतं.

“काय लावताय?” मी विचारलं.

“मानसाले लावतेत तेच,” ती म्हणाली. मग तिचा हात थांबला. मान वर करून, न दिसणारे डोळे माझ्याकडे लावून तिने विचारलं, “लावू ना बाई? तुमी सांगा आधी, नीट.”

मी तिच्याकडे पाहिलं, आणि सांगितलं.